शून्यसुद्धा लिहायचं असतं

काकांनी ती पुस्तिका प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढली, पिशवीची घडी करून बाजूला ठेवली, हात पँटला पुसले आणि मगच ती माझ्यासमोर उघडली. पोथी सोडताना माझी आजी असंच करायची. पानं पिवळी पडलेली, पिनांना गंज चढलेला आणि तो गंज मधल्या पानावर उतरलेला. प्रत्येक पानावर चौकटी, चौकटीत छापलेली चार-चार नावं, आणि नावांपुढे पेन्सिलीनं लिहिलेले आकडे. तीन, दोन, एक, शून्य. वीस शर्यतींच्या वीस चौकटी, एकही रिकामी नाही.

शेवटच्या पानाच्या समासात, जिथे छापील चौकट नव्हतीच, तिथे घाईघाईनं ओढलेल्या दोन रेघा होत्या. वरच्या रेघेवर लिहिलं होतं ‘श्चाकिएल ३’. खालच्या रेघेवर ‘मॉगर’ आणि त्यापुढे एकच अक्षर, ‘उ’.

उ म्हणजे पोलिशमध्ये उपादेक. पडला.

ती तारीख होती २ सप्टेंबर १९७३. पोलंडमधल्या होझूव गावचं सिलेशियन स्टेडियम, लाखाच्या वर माणूस, स्पीडवेची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यतींची जागतिक फायनल. काका तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. रात्रभर रेल्वेच्या डब्यात उभं राहून गेले आणि तसेच उभे राहून परत आले. पेन्सिल येताना हरवली, पुस्तिका मात्र शर्टाच्या आत पोटाशी धरून आणली, असं त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितलंय. दर वेळी मी नव्यानं ऐकते.

मी मूळची कोल्हापूरची. गेली काही वर्षं पोलंडमधल्या लेश्नो नावाच्या गावात राहते. व्रोत्सवाफ आणि पोझनान या दोन मोठ्या शहरांच्या मधोमध, रेल्वेमार्गावर असलेलं हे साठेक हजार वस्तीचं गाव. नोकरीनं इथे आणलं. आले तेव्हा इथलं कुणी ओळखीचं नव्हतं. काका वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त रेल्वे कर्मचारी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. मी मनात त्यांना काकाच म्हणते. ते मला ‘पानी’ म्हणतात, म्हणजे ‘बाई’. इतक्या वर्षांतही ते एकेरीवर आलेले नाहीत, त्यामुळे त्यांचं पोलिश माझ्या कानावर कायम अहो-जाहोतच पडतं.

लेश्नोत स्पीडवेला ‘झुझेल’ म्हणतात. झुझेल म्हणजे भट्टीतून निघालेली जळक्या कोळशाची खरबरीत राख. पूर्वी ट्रॅकवर तीच पसरलेली असायची, म्हणून खेळाचंही नाव तेच पडलं. खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. चार रायडर, चार फेऱ्या, घड्याळाच्या उलट दिशेनं. एक शर्यत साधारण मिनिटभराची. गाडी पाचशे सीसीची, वजनाला सत्त्याहत्तर किलोच्या आसपास, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर गाडी सरळ जातच नाही. मागचं चाक बाहेर फेकायचं, हँडल उलट दिशेला धरायचं, डाव्या बुटाखाली बांधलेला पोलादी तळवा जमिनीवर घासत न्यायचा आणि गाडी आडवीच पुढे रेटायची. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला काही नाही.

माझी पहिली मॅच आठवते ती वासावरून. गेटमधून आत शिरले आणि थबकले. वास ओळखीचा होता, कुठला ते कळेना. मिथेनॉलचा धूर होताच, पण त्याच्या खाली काहीतरी घरचं होतं. मग काकांनी सांगितलं की या इंजिनात पूर्वापार एरंडेल वापरतात. एरंडेल! लहानपणी नाक दाबून घशाखाली उतरवलेलं ते एरंडेल इथे जळत होतं आणि हजारो माणसं डोळे मिटून त्याचा वास छातीत भरून घेत होती. जुन्या चाहत्यांना विचारा, खेळातलं काय आठवतं म्हणून. निम्मे लोक आधी हा वास सांगतील, मग रायडरांची नावं.

पहिल्या वळणापाशी उभं राहिलं की चाकांनी उडवलेली माती अंगावर येते. तिला ‘श्प्रित्सा’ म्हणतात. काकांची जागा तिथेच. मी चेहरा झाकायला गेले तर ते म्हणाले, “राहू द्या, घरी गेल्यावर धुवा.” त्यांच्या मांडीवर कार्यक्रमपत्रिका होती आणि हातात पेन्सिल. पेन थंडीत चालत नाही, आणि इथे हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो, तेव्हा संध्याकाळी बोटं बधिर होतात. शर्यत संपली की आजूबाजूची शेकडो डोकी एकदम खाली वाकतात. तीन, दोन, एक, शून्य. पडला असेल तर उ, गाडी बंद पडली असेल तर द, पंचांनी बाहेर काढला असेल तर व, सुरुवातीच्या फितीला धडकला असेल तर त. मग डोकी पुन्हा वर. हे पंधरा शर्यतींत पंधरा वेळा घडतं. मोठ्या पडद्यावर निकाल झळकत असतो, फोनवर येत असतो, तरी हाताने लिहितात. सुरुवातीला मला ती नुसती सवय वाटली होती. तिचा अर्थ कळायला दोन हंगाम गेले.

येझी श्चाकिएलची गोष्ट कळली तेव्हा तो कळला.

श्चाकिएल ओपोले शहराजवळच्या ग्रुजित्सेचा. १९७३ च्या त्या फायनलमध्ये वीस शर्यती संपल्या तेव्हा त्याचे आणि न्यूझीलंडच्या आयव्हन मॉगरचे सारखेच तेरा गुण झाले होते. मॉगर म्हणजे त्या काळचा बादशहा. तोवर चार वेळा जगज्जेता, पुढे आणखी दोनदा झाला. श्चाकिएल चोवीस वर्षांचा, त्याच्याकडून कुणाची अपेक्षा नव्हती. बरोबरी फोडायला दोघांचीच एक शर्यत झाली. श्चाकिएल पुढे निघाला. त्याला मागे टाकायला मॉगर आत घुसला, चाकाला चाक लागलं आणि मॉगर मातीत गेला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. तिसराही पोलिशच, झेनोन प्लेख. काका म्हणतात, त्या क्षणी लाखभर माणसांचा आवाज झाला की नाही ते त्यांना आठवतच नाही. समासात रेघा ओढताना पेन्सिलीचं टोक मोडलं, तेवढं आठवतं. रेघ पाहिली तर ते खरंच दिसतं. ‘मॉगर’मधलं शेवटचं अक्षर जाड आहे.

पण गोष्ट तिथे संपत नाही. श्चाकिएलला लोकांनी नशिबाचा जगज्जेता म्हटलं. मॉगर पडला म्हणून हा जिंकला, असं. पुढच्या वर्षी विजेतेपद राखायला तो फायनलपर्यंतही पोचला नाही, त्यानंतरही कधी पोचला नाही. बोलणाऱ्यांना आणखी काय हवं?

या विषयावर काकांचा आवाज चढतो. ते उठतात, कपाटातून दुसरा गठ्ठा काढतात. १९७१, रिबनिक. जोड्यांची जागतिक स्पर्धा. आन्झेई विग्लेंडा आणि श्चाकिएल या जोडीनं एकही गुण न गमावता ती जिंकली होती. बोट एकेका आकड्यावर ठेवत ते मला दाखवतात. “हे नशीब? हेही नशीब?”

मी म्हटलं, बरोबर आहे काका, लोक अन्याय करतात.

त्यांनी मान हलवली. “थांबा. हेही बघा.” आणि त्यांनी एक वही उघडली. वर्तमानपत्रातून उतरवून घेतलेली, त्याच वर्षीची, १९७१ ची, स्वीडनमधल्या गोथेनबर्गची जागतिक फायनल. श्चाकिएलच्या नावापुढे शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. शेवटचा आला होता.

ते पान ते दाखवतील असं मला वाटलं नव्हतं. ज्याची बाजू घेऊन आवाज चढवला त्याचं सगळ्यात वाईट पान माणूस आपणहून उघडत नाही. मी विचारलं तसं. काका म्हणाले, “शून्य लिहिलं नाही, तर त्या तीनवर कोण विश्वास ठेवणार?”

मग पुस्तिका पिशवीत घातली आणि चहा टाकायला उठले.

चहा पिताना त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावचा मोठा खेळाडू कोण? कोल्हापूर म्हटल्यावर मी कुस्तीवरच गेले. खाशाबा जाधव म्हटलं, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले आणि घडले आमच्या कोल्हापुरात. १९५२, हेलसिंकी, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मी अभिमानानं सांगत होते आणि काका लक्षपूर्वक ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “त्याआधी?”

त्याआधी काय?

“त्याआधीच्या ऑलिंपिकला होते का? कितवे आले?”

मला माहीत नव्हतं. शाळेत धडा होता, चौकात नाव ऐकलं होतं, पदकाचं वर्ष पाठ होतं. त्याआधीचं काही नव्हतं. त्या रात्री मी वडिलांना फोन केला. भारतात पहाट झालेली. वडील ऐंशीच्या घरातले, तरुणपणी खासबागेतली एकही मोठी कुस्ती चुकवली नाही त्यांनी. प्रश्न पुरा होण्याआधी पलीकडून उत्तर आलं. “लंडन. अठ्ठेचाळीस. सहावा. मातीतला गडी गं तो, तिथं गादीवर खेळायचं होतं. तरी सहावा.” मग थोडं थांबून म्हणाले, “चौऱ्याऐंशीला रस्त्यावर अपघातात गेला. अर्जुन पुरस्कार दिला तो मेल्यावर.”

माझ्या घरातच ही वही होती आणि मी ती कधी उघडली नव्हती. वडिलांनी कुठे कागदावर उतरवलं नाही इतकंच. दुसऱ्या दिवशी मी वर जाऊन काकांना सांगितलं, लंडन, १९४८, सहावा. त्यांनी मान डोलावली आणि खरोखरच, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतलं.

निवृत्त झालेल्या रायडरांचं इथे काय होतं, ते पाहताना मला अनेकदा भरून येतं. मोठ्या मॅचच्या आधी कधीकधी जुन्या माणसांना ट्रॅकवर बोलावतात. एकदा असाच एक सत्तरी पार केलेला रायडर सुरुवातीच्या रेषेपाशी आला. डावा पाय वाकत नव्हता. वर्षानुवर्षं तो पाय टेकवून वळणं घेतल्यावर कसा वाकणार? निवेदकानं नाव घेतलं आणि माझ्या आसपासच्या लोकांनी पांढरे-निळे स्कार्फ दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरले. मग सगळे ‘स्तो लात’ गायले. शंभर वर्षं जग, असं त्याचं म्हणणं. वाढदिवसाला म्हणतात तेच गाणं. तो माणूस हात हलवत नव्हता. टोपी छातीशी धरून तो पहिल्या वळणाकडे बघत होता, जिथे बहुतेक सगळे पडतात. माझ्या मागचा तरुण पोरगा, वीसेक वर्षांचा असेल, मित्राला सांगत होता की हा बाहेरच्या बाजूनं, कुंपणाला घासून पुढे यायचा. त्यानं ते पाहिलेलं असणं शक्यच नव्हतं. त्याला ते कुणीतरी सांगितलं असणार, आणि सांगणाऱ्यानं बाजूही सांगितली होती.

लेश्नोवाले परक्यालाही तसंच धरून ठेवतात. ऑस्ट्रेलियाचा ली अ‍ॅडम्स दशकाहून अधिक काळ या गावासाठी धावला. २००७ ला जगात दुसरा आला, पहिला कधीच आला नाही. २०१० नंतर त्यानं थांबायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी आपल्या देशात वाळवंटातल्या शर्यतीचा सराव करताना त्याला अपघात झाला आणि चालणं गेलं. इतकी वर्षं ब्रेक नसलेल्या गाडीवर काढली आणि निवृत्तीनंतर हे. काका त्याच्याविषयी फार बोलत नाहीत. विचारलं तर २००७ आणि २०१० ही दोन वर्षं सांगतात, ज्या वर्षी त्याच्यासह लेश्नोनं लीग जिंकली, आणि विषय बदलतात. तोमाश गोलोबचंही तसंच. श्चाकिएलनंतर सदतीस वर्षांनी, २०१० ला, पोलंडला दुसरा जगज्जेता मिळाला तो गोलोब. २०१७ ला मोटोक्रॉस करताना पडला, तोही आता व्हीलचेअरवर. या खेळात चाहत्यांच्या प्रेमात कायम थोडी भीती मिसळलेली असते. शर्यत संपल्यावर जल्लोष होण्याआधी एक क्षण सगळे मोजतात, चार निघाले होते, चार आले का?

आल्फ्रेड स्मोचिकच्या वाट्याला निवृत्तीच आली नाही. लेश्नोचं स्टेडियम त्याच्या नावानं आहे. युद्धानंतरच्या मोडलेल्या पोलंडमधला हा पोरगा १९४९ ला देशाचा विजेता झाला, त्याच वर्षी लेश्नोचा संघ लीग जिंकला, आणि मग १९५४ पर्यंत सलग जिंकत राहिला. पण स्मोचिकनं त्यातली पुढची वर्षं पाहिली नाहीत. सप्टेंबर १९५० मध्ये तो गेला. ट्रॅकवर नाही, साध्या रस्त्यावर, मोटारसायकलच्या अपघातात. वय जेमतेम एकवीस. पुढच्याच वर्षी त्याच्या स्मरणार्थ स्पर्धा सुरू झाली. स्मृतिस्पर्धा ही या खेळाची श्रद्धांजली द्यायची पद्धत आहे. हार घालून भाषण करण्याऐवजी माणसं वीस शर्यती धावतात.

काकांनी स्मोचिकला पाहिलेलं नाही, त्यांचा जन्म नंतरचा. त्यांच्या वडिलांनी पाहिलं होतं. वडील त्यांना खांद्यावर बसवून स्टेडियमला न्यायचे आणि वळणं दाखवून सांगायचे, इथे तो असा आत यायचा. काका आता मला तेच सांगतात, तीच वळणं दाखवून. ट्रॅक मधल्या काळात किती वेळा बदलला असेल, त्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

१ नोव्हेंबरला पोलंडमध्ये सगळं बंद असतं. त्या दिवशी माणसं स्मशानभूमीत जातात, आपल्या माणसांच्या थडग्यांवर काचेच्या भांड्यातले दिवे लावतात. ‘झ्निच’ म्हणतात त्यांना. अंधार पडला की अख्खी टेकडी लाल-पिवळी उजळते. २०२४ साली लक्ष्मीपूजन नेमकं त्याच तारखेला आलं होतं. मी घरी पूजा उरकली, पणत्या खिडकीत ठेवल्या आणि काकांबरोबर निघाले. आधी त्यांच्या आई-वडिलांच्या थडग्यावर गेलो. मग काकूंच्या. तिथे ते बराच वेळ उभे होते, मी थोडी मागे थांबले. त्यानंतर स्मोचिक.

तिथे आधीच खूप दिवे होते. काहींना पांढऱ्या-निळ्या फिती बांधलेल्या. त्या हंगामात लेश्नोचा संघ सगळ्यात शेवटी राहून वरच्या लीगमधून खाली गेला होता. अठरा वेळा लीग जिंकलेला संघ. गावात आठवडे लोक एकमेकांशी धड बोलत नव्हते, घरात काही अघटित घडल्यासारखे. त्या थडग्यापुढे उभे असलेले लोकही गप्पच होते. काकांनी दिवा लावला, वाऱ्यानं विझला, पुन्हा लावला. मग खिशातून दुसरा दिवा काढला आणि मला दिला. कुणासाठी, असं मी विचारलं नाही. मला कोल्हापूरची ती पोलिश थडगी आठवत होती. दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून निघालेली हजारो बायकामुलं आमच्या वळिवड्याच्या छावणीत पाच वर्षं राहिली, १९४३ ते १९४८. त्यातली काही परत गेलीच नाहीत. त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. मी शाळेत असताना तिथून कितीदा गेले असेन. एकदाही आत गेले नाही. मी दिवा स्मोचिकच्या दिव्यांशेजारी ठेवला आणि मनात त्या थडग्यांची क्षमा मागितली. काकांना परत येताना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण जिन्यात निरोप घेताना म्हणाले, “पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा माझ्याकडून एक न्या.” नेला. गेल्या डिसेंबरात लावला. वडीलही आले होते काठी टेकत, आणि त्यांनी दगडावरची तारीख वाचून मला वर्षं मोजायला लावली. सात वर्षांचं मूल होतं.

श्चाकिएल १ सप्टेंबर २०२० ला गेला. होझूवच्या त्या दिवसाला सत्तेचाळीस वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. त्या संध्याकाळी काकांनी मला वर बोलावलं होतं, आणि ही पुस्तिका मी पहिल्यांदा पाहिली ती तेव्हाच. त्यांनी ती टेबलावर उघडी ठेवली, समासाच्या पानावर. शेजारी एक दिवा. आम्ही दोघं बसून होतो. बराच वेळानं ते म्हणाले, आता हे पाहणारे कमी होत चाललेत.

संघ खाली गेल्यानंतरच्या हंगामात आम्ही पहिल्या घरच्या मॅचला गेलो. काकांच्या उजव्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, चौकटी दिसत नव्हत्या. त्यांनी कार्यक्रमपत्रिका माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन्सिल दिली. दुसऱ्याच शर्यतीत आमचा एक पोरगा, पहिलाच हंगाम त्याचा, सुरुवातीला मागे पडला आणि चारही फेऱ्या मागेच राहिला. तरी शेवटच्या वळणावर त्यानं गाडी पूर्ण आडवी टाकली. श्प्रित्सा माझ्या कपाळापर्यंत आली. मी बाहीनं कपाळ पुसलं, वाकले आणि त्याच्या नावापुढे आकडा लिहिला.

काकांनी पान उचलून डोळ्यांजवळ नेलं, डाव्या डोळ्यानं नीट पाहिलं.

“शून्य पूर्ण बंद करा,” ते म्हणाले. “सहासारखं दिसतंय.”